लाइनबॅकर म्हणजे कोण? शकीम ग्रिफिन दहा पावलं पुढे सरकला त्याची गोष्ट

अमेरिकेत शिकायला आलेल्या मराठी मुलाची कॉलेज फुटबॉलशी पहिली गाठ मैदानात पडत नाही, पार्किंगमध्ये पडते. 'शनिवारी मॅच आहे, शुक्रवारी रात्रीपर्यंत गाड्या हलवा' अशी ईमेल आठवडाभर आधी आलेली असते आणि आपण ती न वाचता ठेवून दिलेली असते. एका शनिवारी माझी गाडी अशीच उचलून नेली. दंड भरला आणि ठरवलं, एवढे पैसे गेलेच आहेत तर हा खेळ आहे तरी काय ते एकदा बघून घेऊ.

पहिला तासभर काहीही कळलं नाही. बावीस माणसं एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, सगळे उठून उभे राहतात, अर्धा मिनिट नुसती खाणाखुणा चालतात आणि पुन्हा आदळाआदळ. चेंडू कुठे गेला हे शोधेपर्यंत सगळं आटपलेलं. शेवटी शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, चेंडू शोधूच नकोस. तो मधे उभा आहे ना, बचावातला दुसऱ्या रांगेतला, त्याच्याकडे बघत राहा. तो धावेल तिकडे चेंडू असणार.

तो लाइनबॅकर होता. पुढच्या पंधरा मिनिटांत मला निम्मा खेळ कळला.

नियम आधी उरकून टाकू. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. मैदान शंभर यार्डांचं, म्हणजे साधारण ९१ मीटर. ज्याच्याकडे चेंडू, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा नवे चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. असं सरकत सरकत पलीकडचं टोक गाठायचं. चेंडू हातात घेऊन धावता येतं, किंवा पुढे फेकता येतो. पायाचा संबंध थोडाच, तरी नाव फुटबॉल. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. कबड्डी पाहिलेल्या माणसाने प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक चढाई समजावी. दम धरायचा नसतो एवढंच. चेंडूवाला पाडला गेला की चढाई संपली, आणि पुढची जिथे पाडला तिथून.

बचावाच्या साधारण तीन रांगा असतात. पहिल्या रांगेत जमिनीला हात टेकून बसलेले, सव्वाशे-दीडशे किलोचे तीन-चार पहाड. सगळ्यात मागे चपळ धावपटू, ज्यांचं काम लांब फेकलेला चेंडू अडवणं. त्यातल्या अगदी शेवटच्या पहारेकऱ्यांना सेफ्टी म्हणतात. या दोन रांगांच्या मधे, पहिल्या लाइनच्या पाठीशी उभे असतात तीन किंवा चार जण. लाइनच्या बॅकला, म्हणून लाइनबॅकर. संघाच्या भाषेत त्यांची घरगुती नावंही आहेत: जिकडे हल्ल्याचं बळ जास्त त्या बाजूला सॅम, मध्यभागी माइक, उरलेल्या बाजूला विल. स्ट्राँग, मिडल आणि वीक (म्हणजे कमी बळाची बाजू) यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडलेली नावं आहेत ही. कुठल्याही संघात गेलात तरी माइक हा मधलाच. बहुतेक संघांत बचावाची चाल इतरांना ओरडून सांगण्याचं काम त्याच्याकडे असतं. कॉलेजच्या वरच्या श्रेणीत २०२४ पर्यंत हेल्मेटमध्ये रेडिओ नव्हता. कोच मैदानाबाहेरून हातवारे करणार, मोठे फलक धरणार, आणि माइक ते वाचून दहा जणांना कळवणार.

पहिल्या रांगेतल्याला काम ठरलेलं असतं: समोरच्याला ढकल. मागच्यालाही ठरलेलं: आपल्या माणसाच्या मागे पळ. मधल्याला मात्र दर वेळी नव्याने ठरवावं लागतं, आणि तेही चेंडू हलल्यावर अर्ध्या सेकंदात. समोरचे धावणार आहेत की फेकणार? तो चेंडूकडे बघत नाही, कारण चेंडू खोटं बोलतो. चेंडू हाताळणारा क्वार्टरबॅक रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या, पोटाशी हात नेतो, दिल्यासारखं करतो आणि ऐन वेळी काढून घेतो. म्हणून लाइनबॅकर बघतो ते समोरच्या जाडजूड गार्डचे, म्हणजे हल्ल्याच्या पहिल्या रांगेतल्या वाट अडवणाऱ्याचे, खांदे. गार्ड अंगावर चालून आला तर बहुधा धाव आहे. तो उठून मागे सरकला तर फेक आहे. गार्ड लाइन सोडून आडवा पळायला लागला, तर चेंडूही त्याच बाजूला येणार. कबड्डीतला मुरलेला कोपरारक्षक चढाईपटूच्या हाताकडे न बघता कमरेकडे बघतो, तसंच हे.

आणि चुकला की दोन्हीकडून मरण. धाव समजून पुढे झेपावला तर डोक्यावरून फेक जाते. फेक समजून मागे गेला तर मोकळ्या जागेतून रनिंग बॅक निघून जातो. स्टेडियममधल्या पन्नास हजार लोकांना नेमकी त्याचीच चूक दिसते.

एवढं समजलं की शकीम ग्रिफिनची गोष्ट सांगता येते. ती अमेरिकेत खूप सांगितली गेली आहे, पण माझ्या मते चुकीच्या टोकाकडून.

शकीम आणि शकील, १९९५ साली फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला जन्मलेले जुळे भाऊ. (हो, उच्चार शकीलच. इंग्रजी स्पेलिंग वेगळं असलं तरी आपल्या कानाला नाव ओळखीचं वाटतं.) गर्भाभोवतीच्या पिशवीचा एक धागा पोटात असतानाच शकीमच्या डाव्या मनगटाला आवळून बसला आणि त्या हाताची बोटं नीट वाढलीच नाहीत. त्या बोटांना जरा काही लागलं तरी असह्य वेदना व्हायच्या. चार वर्षांचा असताना एका रात्री तो स्वयंपाकघरात सुरी घेऊन सापडला: दुखणारी बोटं स्वतःच कापून टाकायला निघाला होता. आईवडिलांनी लगोलग डॉक्टर गाठले आणि तो डावा पंजा काढून टाकण्यात आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत पोरगं अंगणात चेंडू खेळत होतं. वडिलांनी त्याच्या डाव्या मनगटाला टेकवायला लाकडाचे ठोकळे करून दिले, म्हणजे वजनं उचलताना दांडी एका बाजूला कलू नये. भावाइतकंच वजन, भावाइतकेच दंड-बैठका.

गोष्ट इथे थांबवली की ती जिद्दीची कहाणी होते, आणि टीव्हीवाल्यांनी ती तिथेच थांबवली. पण जिद्द शाळेतही होती आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षीही होती. तरी कॉलेजची पहिली तीन वर्षं त्याला कोणी ओळखत नव्हतं. का, हे समजायला कॉलेज फुटबॉलचा हिशेब कळावा लागतो.

अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलला जाण्याचा रस्ता कॉलेजमधूनच जातो. शाळेतल्या मुलांना युनिव्हर्सिट्या हेरतात आणि स्कॉलरशिप देऊ करतात: फी, राहणं, जेवण सगळं माफ. त्या काळी वरच्या श्रेणीतल्या एका संघाला अशा ८५ स्कॉलरशिप देता येत. मैदानात एका वेळी अकरा, म्हणजे उरलेले चौऱ्याहत्तर बाहेर. शकीलला मोठमोठ्या युनिव्हर्सिट्या बोलावत होत्या, पण त्याने सांगून टाकलं की जाऊ तर दोघं जाऊ. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाने, म्हणजे यूसीएफने, दोघांनाही बोलावलं. २०१३ साली दोघं तिथे दाखल झाले.

कॉलेजात पाय ठेवला की घड्याळ सुरू होतं. पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात. मग जास्तीचं पाचवं वर्ष कशाला? ते 'रेडशर्ट'साठी. नव्या पोराला पहिल्या वर्षी सराव करू द्यायचा, खायला घालून अंग भरू द्यायचं, पण मॅचला उतरवायचं नाही. म्हणजे त्याचा एक हंगाम शिल्लक राहतो. २०१८ मध्ये नियम सैल झाला आणि चार मॅच खेळूनही रेडशर्ट धरता येऊ लागला. शकीमच्या वेळी एका मॅचमध्ये एकदा जरी पाय मैदानात पडला तरी अख्खा हंगाम खर्ची पडायचा. त्याला २०१३ साली रेडशर्ट केलं. ठीक, ते अनेकांना करतात. पण पुढची दोन वर्षंही बहुतेक वेळ बाकावर, नाहीतर किकच्या वेळी उतरणाऱ्या पथकात गेली. शकील नियमित खेळत होता. एका उन्हाळ्यात तर शकील सरावाला कॉलेजात राहिला आणि शकीम घरी येऊन वडिलांबरोबर गाड्या उचलून नेण्याच्या ट्रकवर कामाला लागला. (हे वाचल्यावर माझ्या त्या शनिवारच्या दंडाचा राग थोडा कमी झाला.)

तो सेफ्टी म्हणून घेतला गेला होता. सगळ्यात मागे, चेंडूपासून दहा-पंधरा यार्ड लांब.

२०१५ साली यूसीएफ बाराच्या बारा मॅच हरला. कोच जॉर्ज ओ'लिअरी यांनी हंगामाच्या मध्यातच पद सोडलं. वर्षाच्या शेवटी स्कॉट फ्रॉस्ट नवे कोच म्हणून आले आणि त्यांच्यासोबत नवी बचावाची मांडणी आली: पुढे तीन, त्यांच्या मागे चार लाइनबॅकर. या मांडणीत कडेचा लाइनबॅकर जवळजवळ पहिल्या रांगेत, लाइनच्या टोकाशीच उभा असतो. कधी तो क्वार्टरबॅकवर धाड घालतो, कधी मागे सरकून फेक अडवतो, आणि यातलं काय करणार हे समोरच्याला आधी कळू द्यायचं नसतं. त्यासाठी पहाड नको, सेफ्टीसारखा पळणारा आणि तरीही धडक देणारा माणूस हवा. नव्या कोचांनी शकीमला तिथे उभं केलं. मैदानावर मोजली तर दहा-बारा पावलं पुढे.

तिथे काय होतं ते एकदा संथ करून बघू. समोर उभा असतो टॅकल, म्हणजे हल्ल्याच्या पहिल्या रांगेतला कडेचा खेळाडू, शकीमपेक्षा तीस-चाळीस किलोंनी जड. चेंडू हलतो. टॅकलचं काम शकीम आणि क्वार्टरबॅक यांच्या मधे आपलं अंग ठेवणं. शकीम सरळ त्याच्या छातीवर गेला तर संपलाच, तिथे एक हात काय आणि चार हात काय. म्हणून तो बाहेरच्या बाजूने, कमान काढत धावतो. तीन पावलांत टॅकलला मागे सरकत सरकत वळावं लागतं, आणि तेवढं जड माणूस वळताना त्याचे पाय जवळ येतात. त्या क्षणी खांदा खाली घालून, टॅकलच्या काखेखालून, घसरणाऱ्या मोटारसायकलसारखं तिरकं होत आत शिरायचं. टॅकलचे हात वरून जातात. एरवी खेळाडू इथे हाताने समोरच्याचा हात झटकतो. शकीमचा डावा हात मनगटालाच संपतो. पकडायला तिथे काही नसतं, आणि त्याने ते आखूड टोक फटका मारून हात उडवायला वापरायला शिकून घेतलं होतं. मग उरतात दोन ढांगा आणि पाठमोरा क्वार्टरबॅक. चेंडू फेकण्याआधी त्याला पाडला की त्याला सॅक म्हणतात. या सगळ्याला मिळून साधारण तीन सेकंद.

त्याला वगळलं जात होतं ते हात नाही म्हणून, असं सगळे म्हणतात. थोडं खरं असेलही. पण माझं म्हणणं आहे की तो चुकीच्या रांगेत उभा होता. सेफ्टीला दोन हातांनी हवेतला चेंडू झेलावा लागतो. कडेच्या लाइनबॅकरला लागतात पाय, कोन आणि खांदा. माणूस पाडायचा तो पंजाने नाही, खांद्याने. पंजे नंतर मिठी आवळायला.

२०१६ मध्ये शकीमने ९२ टॅकल केले (इथे टॅकल म्हणजे चेंडूवाल्याला पाडणं) आणि साडेअकरा सॅक. अर्धा सॅक म्हणजे काय? दोघांनी मिळून पाडला की दोघांच्या नावे अर्धा-अर्धा लिहितात. शिवाय २० वेळा त्याने चेंडूवाल्याला सुरुवातीच्या रेषेच्या मागेच पाडलं, म्हणजे समोरच्यांना उलटे यार्ड गमवावे लागले. त्या विभागाचा, अमेरिकन ॲथलेटिक कॉन्फरन्सचा, वर्षातला सर्वोत्तम बचावपटू तोच ठरला. जो माणूस वर्षभरापूर्वी बाकावर होता, तोच.

२०१७ मध्ये यूसीएफ एकही मॅच हरला नाही. त्यांचं स्टेडियम पोलादी सांगाड्याचं आहे. लोक एकदम उड्या मारायला लागले की स्टँड खरोखर हलतो, म्हणून त्याला 'बाउन्स हाउस' म्हणतात. त्या वर्षी ते बरंच हललं. पण राष्ट्रीय विजेतेपदासाठी एक समिती फक्त चार संघ निवडायची आणि यूसीएफचा विभाग लहान समजला जायचा. समितीने बारापैकी बारा जिंकलेल्या संघाला बाहेर ठेवलं. त्याऐवजी त्यांना १ जानेवारी २०१८ ला अटलांटात पीच बोल नावाच्या मॅचमध्ये ऑबर्नशी खेळायला मिळालं. ज्या दोन संघांत नंतर विजेतेपदाची अंतिम मॅच झाली, त्या अलाबामा आणि जॉर्जिया दोघांनाही त्याच हंगामात हरवलेला संघ म्हणजे ऑबर्न. यूसीएफ ३४-२७ ने जिंकला. शकीमचे १२ टॅकल, दीड सॅक, आणि बचावातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव. मग यूसीएफने स्वतःलाच राष्ट्रीय विजेता जाहीर केलं आणि डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. यावर लोक आजही भांडतात. मला विचाराल तर मिरवणूक रास्त होती.

या सगळ्यात मुलांना पैसे किती मिळत? पगार म्हणून शून्य. स्टेडियम भरलेलं, टीव्हीचे करार कोट्यवधी डॉलरचे, अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा कॉलेजचा कोच, आणि खेळणारा पोरगा मात्र 'हौशी'. शकीमच्याच संघात डोनाल्ड डे ला हे नावाचा किकर होता. तो यूट्यूबवर व्हिडिओ टाकायचा आणि त्यावरच्या जाहिरातींचे पैसे त्याला मिळायचे. २०१७ च्या उन्हाळ्यात तेवढ्यावरून त्याला खेळायला अपात्र ठरवलं गेलं, स्कॉलरशिपही गेली. चार वर्षांनी, जुलै २०२१ पासून, खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली, आणि २०२५ च्या कोर्टातल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिट्या थेट वाटाही देऊ लागल्या. ८५ स्कॉलरशिपची मर्यादाही गेली, आता संघातच जास्तीत जास्त १०५ जण. संघ बदलणंही आता सोपं आहे. आजचा शकीम तीन वर्षं बाकावर बसला असता का, शंका आहे. दुसऱ्याच वर्षी बॅग भरून निघून गेला असता आणि कदाचित ती नवी मांडणी त्याला भेटलीच नसती.

कॉलेज संपलं की ड्राफ्ट. व्यावसायिक लीगचे, एनएफएलचे, ३२ संघ सात फेऱ्यांत आळीपाळीने मुलं निवडतात. सगळ्या कॉलेज खेळाडूंपैकी तिथवर पोचतात ते शंभरात एक-दोन. त्याआधी इंडियानापोलिसला एक चाचणी मेळावा असतो, जिथे मुलांना गुरांच्या बाजारासारखं मोजतात: उंची, वजन, उडी, हाताच्या पंजाची रुंदीसुद्धा. शकीमला आधी आमंत्रणच नव्हतं, ते उशिरा आलं. वजन उचलण्याच्या चाचणीत १०२ किलोची दांडी जितक्या वेळा उचलाल तितक्या वेळा. त्याने डाव्या मनगटाला कृत्रिम पंजा बांधला आणि दांडी २० वेळा उचलली. त्याचं स्वतःचं वजन १०३ किलो. दुसऱ्या दिवशी चाळीस यार्डांची धाव, म्हणजे साडेछत्तीस मीटर: ४.३८ सेकंद. उभ्या जागेवरून सुरुवात करून सरासरी ताशी तीस किलोमीटर. २००३ पासूनच्या नोंदींत कुठलाही लाइनबॅकर त्याच्याइतका वेगाने धावला नव्हता.

तरी नाव पुकारलं गेलं ते पाचव्या फेरीत, १४१ वा. आता कारण हात की अंगकाठी? कॉलेजमध्ये कडेने धाड घालायला १०३ किलो पुरतात. एनएफएलमध्ये ते काम करणारे सहसा त्याहून बरेच जड असतात. आणि तेवढा हलका लाइनबॅकर तिथे आत, मागे उभा राहून गार्डचे खांदे वाचतो, जे शकीमने कॉलेजमध्ये फारसं केलंच नव्हतं. दोन जागांच्या मधे अडकलेल्या अशा खेळाडूला तिकडे 'ट्वीनर' म्हणतात. सिअ‍ॅटलने त्याला घेतलं. शकील आदल्या वर्षीच तिथे गेला होता, म्हणजे जुळे पुन्हा एका संघात.

सप्टेंबर २०१८ मध्ये डेन्व्हरला पहिल्याच मॅचला जखमी के. जे. राइटच्या जागी शकीमला उतरवलं, विल म्हणून. म्हणजे पुन्हा मागे, पुन्हा वाचत उभा. तो गोंधळला, आणि मॅच चालू असतानाच त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवलं गेलं. पुढे तो मुख्यतः किकच्या पथकांत दिसायचा. सिअ‍ॅटलला तीन हंगाम, मग २०२१ मध्ये मायामीच्या सराव-पथकात, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी निवृत्ती.

मधे एक संध्याकाळ आहे. दुसऱ्या हंगामाच्या उत्तरार्धात सिअ‍ॅटलच्या कोचांनी त्याला अधूनमधून पुन्हा कडेला उभं करायला सुरुवात केली होती. १२ जानेवारी २०२० ला ग्रीन बेच्या थंडीत बाद फेरीची मॅच. समोर क्वार्टरबॅक ॲरन रॉजर्स. चेंडू हलला, शकीम लाइनच्या टोकावरून सुटला आणि रॉजर्स खाली. एनएफएलमधला त्याचा पहिला सॅक. मॅच सिअ‍ॅटल २३-२८ ने हरला. बाद फेरीचे आकडे वेगळ्या तक्त्यात लिहितात, त्यामुळे हंगामी नोंदींमध्ये हा सॅक शोधलात तर सापडणार नाही.